गुलाबी हिरडीचं भिंग

त्या सकाळी तिला सव्वानऊला घर सोडायचं होतं, आणि नऊ वाजून बारा मिनिटांनी बाबा दारात आडवे उभे होते. गळ्यात कॅमेरा, हातात दोऱ्याचं टोक.

“हे घे. नाकाला लाव.”

“बाबा, मला उशीर होतोय.”

“नाक जागच्या जागी आहे ना? मग उशीर कसला? लाव.”

दोरा दातांच्या फटी साफ करायचा होता, पुदिन्याच्या वासाचा, आणि मोजून एक मीटर लांब. त्याचं एक टोक कॅमेऱ्याच्या पट्ट्याच्या कडीला कायमचं बांधलेलं असायचं. बाबांच्या त्या जुन्या लेन्सला एक मीटरच्या आतलं काही धड दिसत नसे, म्हणून फोटो काढून घेणाऱ्यानं दुसरं टोक नाकाच्या शेंड्यावर धरायचं आणि दोरा ताठ होईपर्यंत मागे सरकायचं. खरं तर कॅमेऱ्यातच अंतर मोजायची सोय होती. कॅमेऱ्याच्या बघायच्या खिडकीतून पाहिलं की मधल्या चौकोनात माणसाच्या दोन छब्या दिसत, त्या एकावर एक बसल्या की झालं. पण बाबांचा छब्यांवर विश्वास नव्हता. दोऱ्यावर होता.

बाबा दातांचे डॉक्टर. एक्केचाळीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावून झाल्यावर त्यांनी दवाखाना बंद केला आणि तिथून दोनच गोष्टी घरी आणल्या. एक, पेशंटची खुर्ची. ती चार माणसांनी जिना चढवून आणली, वाटेत दोनदा तिच्यावर बसून विश्रांती घेतली आणि बाहेरच्या खोलीत खिडकीशी ठेवली. दुसरी, उरल्यासुरल्या सामानाचा एक पत्र्याचा डबा. आईनं त्या वेळी एवढंच विचारलं होतं, “दिवाही आणला असतात की, म्हणजे मी भाजी त्याच्या उजेडात चिरली असती.”

मग कॅमेरा आला. कॅमेरा नवा होता, डिजिटल. लेन्स मात्र बाबांपेक्षा नऊ वर्षांनी मोठी होती. ते तिला म्हातारा म्हणत. म्हातारा घडीचा होता, म्हणजे प्रवासातल्या घडीच्या पेल्यासारखा, काम नसलं की स्वतःच्याच नळीसकट मागे सरकून कॅमेऱ्याच्या पोटात झोपणारा. कामाच्या वेळी त्याला बाहेर ओढायचं, किंचित फिरवायचं, टक् असा आवाज आला की तो जागा झाला. जुन्या रिळाच्या कॅमेऱ्यात त्याला पाय पसरायला ऐसपैस जागा असे. नव्या कॅमेऱ्याच्या पोटात यंत्रांची एवढी दाटी, की म्हातारा पुरता आत गेला तर थेट आतल्या नाजूक पडद्याला धडकायचा.

“म्हाताऱ्यानं पाय ताणले की पोराच्या डोळ्यात,” बाबा म्हणाले होते.

दुसऱ्या कुणी नळीभोवती रबर गुंडाळलं असतं, चिकटपट्टी लावली असती. बाबांनी पत्र्याचा डबा उघडला. त्यात आत्याच्या कवळीसाठी आणलेली गुलाबी पावडर उरली होती. ती कालवून त्यांनी एक सुबक कडं ओतलं, दोन दिवस घासूनपुसून गुळगुळीत केलं आणि म्हाताऱ्याच्या नळीवर बसवलं. आता तो निम्माच आत जायचा. त्या चकचकीत लेन्सच्या मुळाशी ओलसर गुलाबी हिरडी दिसे, आणि रस्त्यावर बाबा कुणावर कॅमेरा रोखत तेव्हा तो माणूस नकळत आधी स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवून घेई.

एवढं करूनही बाबा म्हाताऱ्याला उठवायला विसरायचे. या जातीच्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. लेन्स आत झोपली असली तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं. फोटोत मात्र उतरतं नुसतं धुकं. मागच्या पडद्यावर ते लगेच कळलं असतं, पण त्यावर बाबांनी टूथपेस्टच्या खोक्याचा पुठ्ठा कापून चिकटवला होता. “पेशंटला आरसा शेवटी द्यायचा असतो,” असं त्यांचं म्हणणं. तेव्हा लेकीनं नाकाला दोरा लावायचा, बाबांनी बटण दाबायचं, मग तिनं म्हणायचं, “बाबा, लेन्स आत आहे.” त्यांनी कपाळावर हात मारायचा, ओढायचं, फिरवायचं, टक्, आणि दुसरा फोटो. दोन वर्षं रोज नाही तरी दहा-बारा दिवसांतून एकदा हा प्रयोग ठरलेला.

त्या सकाळीही गुलाबी कडं कॅमेऱ्याला घट्ट टेकलेलं होतं, म्हणजे म्हातारा आत झोपलेलाच होता. तिला दिसलं नाही असं नाही. ती एका छापखान्यात मुद्रितशोधक होती. दुसऱ्यांच्या चुका दिसणं हेच तिचं काम होतं आणि ते काम डोळ्यांना सुट्टीच्या दिवशीही सोडत नसे. तिनं मनाशी हिशेब केला. सांगितलं की कपाळावर हात, ओढणं, फिरवणं, टक्, पुन्हा दोरा, पुन्हा नाक. चार मिनिटं. खाली बस येत असेल.

तिनं तोंड मिटून घेतलं. बटण वाजलं.

बाबांनी कॅमेरा जरासा खाली घेतला आणि वरून तिच्याकडे पाहिलं. भुवया वर. थांबले.

“झालं?” तिनं विचारलं.

“झालं म्हणायचं,” ते म्हणाले. “पळ, अक्कलदाढे.”

हे तिचं घरातलं नाव. आईबाबांच्या लग्नाला तेरा वर्षं झाल्यावर ती जन्मली. उशिरा आली आणि आल्यापासून ठणकते आहे, असं बाबा येईल त्याला सांगत. तिनं दोरा सोडला आणि जिना उतरली.

दुपारी जेवून बाबा खिडकीशी खुर्चीत आडवे झाले. खुर्ची मागे टेकवलेली, पाय पायांच्या जागी, चष्मा पेल्याच्या जागी. चार वाजता आईनं चहाला हाक मारली. मग दुसऱ्यांदा मारली.

*

आत्या आली ती एक पिशवी आणि ती कवळी घेऊन. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. पहिले काही दिवस ती काही बोलली नाही, आणि हे तिच्या स्वभावात बसणारं नव्हतं. एका सकाळी तिनं चहात पाव बुडवला, बुडवलेलाच ठेवला आणि विचारलं, “शेवटचा फोटो त्यानं कुणाचा काढला गं?”

“हिचा,” आई म्हणाली. “दारात.”

“मला हवा तो. मोठा करून. शेवटचं त्याला जे दिसलं ते मला बघायचंय.”

“मलाही,” आई म्हणाली.

“बॅटरी उतरलीये,” लेक म्हणाली.

“मग चढव.”

“चार्जर सापडत नाहीये.”

चार्जर सापडत नव्हता हे खरं होतं, कारण तो तिनंच तिच्या लोकरीच्या मोज्यात घालून कपाटाच्या तळाशी ठेवला होता. तो फोटो धुकट असणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि धुकं बघितल्यावर आई काय विचारणार हेही ठाऊक होतं. आई म्हणेल, “अगं, तू तर नेहमी सांगायचीस.” त्यावर द्यायला तिच्यापाशी उत्तर होतं, पण ते चार मिनिटांचं होतं आणि फार लहान होतं.

आत्यानं शोधमोहीम उघडली. तीन दिवस ती घर उलटंपालटं करत होती. चार्जर सोडून घरात हरवलेलं सगळं सापडलं: दोन कात्र्या, आईचा वाचायचा चष्मा, त्याआधीचा आईचा वाचायचा चष्मा, एक बूट. पत्र्याच्या डब्यात एक प्लास्टरचा साचा निघाला, लहान मुलाच्या दातांचा, पुढच्या दोन दातांत खिडकी असलेला.

“हे ध्यान कुणाचं?” आत्यानं तो कानाशी नेऊन हलवून पाहिला.

“हिचं. नऊ वर्षांची होती,” आई म्हणाली. “माप घ्यायचं तर तोंड उघडेना. तास गेला. शेवटी हे म्हणाले, नको उघडूस, मला माहितीये, तुला एकूण अकरा दात आहेत. तर ही ओरडली, अकरा कसे, चोवीस आहेत! ओरडली तोच ह्यांनी मसाला आत घातला.”

“अजून तशीच आहे,” आत्या म्हणाली. “बँकेच्या तिजोरीसारखं तोंड.”

लेक छापखान्यातली प्रुफं तपासत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

चौथ्या दिवशी आत्या विजयी चेहऱ्यानं आतून आली. एका हातात मोजा, दुसऱ्या हातात चार्जर.

“मोज्यात! चार्जर मोज्यात कसा गेला?”



“थंडी वाजत असेल त्याला,” आई म्हणाली, आणि लेकीकडे न बघता भाजी निवडत राहिली.

*

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या काकांचं दुकान एका जिन्याखाली होतं. इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की काकांना मागे टेकावं लागे. तिनं कॅमेरा टेबलावर ठेवला. काकांनी डोळ्याचं भिंग वर सरकवलं.

“अरे! डॉक्टरांची हिरडी!” मग त्यांच्या लक्षात आलं. हातातला पेचकस त्यांनी हळूच खाली ठेवला. “कळलं मला. यायला हवं होतं. आलो नाही. असल्या वेळी काय बोलायचं ते मला सुचत नाही.”

“मलाही नाही,” ती म्हणाली.

“हे मात्र बघा.” काकांनी आ वासला आणि बोटानं गाल बाजूला ओढला. “वरचे डावीकडचे तीन. डॉक्टरांचे. अठरा वर्षं झाली, अक्रोड फोडतो.” तिनं वाकून पाहिलं. दात खरंच छान होते.

“काका, एक विनंती होती. घरी सांगायचंय की कार्ड खराब झालं. फोटो गेले. तुम्ही नुसतं तसं लिहून द्या.”

“खराब झालंय?”

“नाही.”

“ताई, चांगल्या वस्तूला खराब म्हटल्याचं आजवर मला आठवत नाही. खराब वस्तूला चांगली म्हटलंय, ते दोनदा. आधी बघू तर द्या.”

त्यांनी कार्ड काढून आपल्या पडद्याला जोडलं. फोटो एकामागून एक येऊ लागले. आई झाडांना पाणी घालताना. पाण्याच्या धारेभोवती उजेड किंचित सांडलेला, जुन्या काचेतून सांडतो तसा. आत्या हसताना, प्रत्येक दात मोजून घ्यावा इतका स्पष्ट. तारेवरचं कबूतर, पीस न् पीस. समोरचा शिंपी तोंडात टाचण्या धरून, दवाखान्याचा रंग उडालेला दरवाजा, पुन्हा आई.

मग धुकं. नुसतं राखाडी, मधे तपकिरी डाग.

मग ती. नाकाला दोरा, कपाळाला आठ्या, एक बोट कॅमेऱ्याकडे रोखलेलं, तोंड उघडं, डोळ्यांत असा काही उजेड की तिनं स्वतःला पटकन ओळखलं नाही.

“हा फार छान आहे,” काका म्हणाले आणि बटण दाबत राहिले. धुकं. ती. आई, कबूतर, आई. धुकं. ती. “धुकं, ताई. धुकं, ताई,” ते गाडीची स्थानकं सांगावीत तसे सांगू लागले. एकात ती वैतागलेली, एकात हसू दाबत ओरडणारी, एकात हात कमरेवर. एकातही तोंड मिटलेलं नव्हतं.

“लेन्स आत राहायची त्यांची,” ती म्हणाली. “विसरायचे.”

“राहते की. माझ्याकडे येतात ना लोक, कॅमेरा बिघडला म्हणून. मी लेन्स बाहेर ओढतो, कॅमेरा परत देतो. ते मला देवमाणूस म्हणतात.” काकांनी भिंग पुन्हा डोळ्यावर घेतलं, काढलं, फोटो मागे नेत गेले. “पण डॉक्टर? आईंच्या वेळी विसरले नाहीत. आत्यांच्या वेळी नाहीत. अहो, कबुतराच्या वेळी नाहीत, आणि ते तर उडून जाणारं.”

तिनं माऊस त्यांच्या हातून घेतला. अगदी पहिल्या फोटोपासून सुरुवात केली, पान तपासावं तशी, बोट पडद्यावर टेकवून. एका पुस्तकात एकदा दिसते ती चूक. चार ठिकाणी दिसते तो निष्काळजीपणा. पण बाकीचा मजकूर स्वच्छ आणि एकच चूक दर वेळी एकाच जागी आली, की ती समासात लिहीत असे, “असंच हवं आहे का?” आणि लेखकाकडून कागद परत येई तेव्हा त्यावर लिहिलेलं असे, “हो. असंच राहू द्या.”

एकसष्ट वेळा धुकं. त्यातल्या साठांच्या पाठोपाठ ती.

एकसष्टावं शेवटचं होतं. त्याच्यामागे काही नव्हतं. राखाडीत खालून एक पांढुरकी रेघ वर गेलेली आणि जिथे ती रेघ संपत होती तिथे, केवळ रेघ संपत होती म्हणून, ते नाक असावं असं म्हणता येत होतं.

“हा पुसू?” काकांनी विचारलं.

“नको. हा मोठा करून द्या.”

“आणि ही हिरडी काढून रबराची बारीक पट्टी बसवून देऊ? बरी दिसेल.”

“काका, तुमचे तीन दात काढून देऊ का?”

काकांनी तोंड मिटलं आणि छापायचं यंत्र सुरू केलं.

*

घरी आई खिडकीशी बाबांच्या खुर्चीत बसून मटार सोलत होती. आत्यानं पाकीट जवळजवळ हिसकावलंच. फोटो हातभर लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला.

“अय्या, किती गोड आलीये! हुबेहूब!”

आत्यानं चष्मा लावला नव्हता. चष्म्याशिवाय तिला सगळं जग असंच दिसत असल्यानं फोटोत काही उणं आहे असं तिला वाटायचं कारण नव्हतं. तिनं फोटोच्या तपकिरी डागावरून हात फिरवला, डोळे टिपले, फोटो आईच्या मांडीवर ठेवला आणि समोरच्या कोचावर आडवी झाली. दोन मिनिटांत ती घोरू लागली.

आईनं तीन दिवसांपूर्वी सापडलेला चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

“हं,” ती म्हणाली.

“आई, बाबांना लेन्स ओढायचं लक्षात नाही राहायचं?”

“ह्यांना? तीस वर्षांपूर्वीच्या पेशंटची दाढ ह्यांच्या लक्षात असायची. नाव नसायचं, दाढ असायची.”

“मग माझ्याच वेळी...”

“तू फोटोला उभी राहिलीस की कशी दिसतेस माहितीये?” आईनं मटाराची शेंग खाली ठेवली आणि ओठ आत ओढून असा काही चेहरा केला की तिकीट लावून बंद केलेलं पाकीट बरं. “हे म्हणायचे, हिला हस म्हटलं तर हसत नाही. पण समोरच्याची चूक दिसू दे, चेहरा कसा उमलतो बघ.”

“आणि दोन वर्षं मला कुणी सांगितलं नाही!”

“सांगितलं असतं तर तोंड मिटलं असतंस.”

लेक खिडकीच्या कट्ट्यावर बसली. एक मटार आईच्या पदरावरून घरंगळत तिच्या पायाशी आला. तिनं तो उचलला, बघितला, हातात धरून ठेवला.

“त्या दिवशी मला दिसलं होतं, आई. लेन्स आत होती. मला दिसलं आणि मी बोलले नाही. बस चुकेल म्हणून.”

“माहितीये.”

“कसं?”

“तू जिना उतरलीस, हे आत येऊन ह्याच खुर्चीत बसले आणि हसत सुटले. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, आज अक्कलदाढ हलली नाही. पाहिलं तिनं, मला कळलं ना, नजर गेली होती तिची तिथे. पण गप्प! पक्की झालीये.” आई आता शेंगांकडे बघत होती. “म्हणाले, उद्या लेन्सला झाकण लावूनच काढतो. बघू किती वेळ गप्प बसते.”

“झाकण लावून?”

“नाकाला दोरा लावून.”

लेकीला आधी हसू आलं. झाकण लावलेला म्हातारा, त्यामागे भुवया वर केलेले बाबा, अलीकडे नाकाला पुदिन्याचा दोरा लावून उभी असलेली ती, आणि कुणीच काही बोलत नाहीये. ती इतकी हसली की आत्या कूस बदलून म्हणाली, “काय झालं, कोण आलं?” आणि पुन्हा झोपली. मग हसू संपायच्या जागी संपलं नाही, पुढे कुठेतरी गेलं, आणि आई पदराचं टोक तिच्याकडे करून मटार सोलत राहिली.

थोड्या वेळानं तिनं तोंड धुतलं. कॅमेऱ्यात कार्ड घातलं, पट्टा गळ्यात अडकवला.

“आई, तशीच बस. हे धर. नाकाला लाव.”

“माझे हात मटाराचे आहेत.”

“नाक नाही ना मटाराचं? लाव.”

आईनं दोरा नाकाला लावला. लेक मागे सरकली, दोरा ताठ झाला. कॅमेऱ्याच्या खिडकीतून आई लख्ख दिसत होती. मांडीवर शेंगा, नाकावर बोट, आणि तिच्या डोक्यामागे खुर्चीच्या उशीत पडलेला खळगा, जो आईच्या अंबाड्याचा नव्हता. मधल्या चौकोनात दोन आया दिसत होत्या. तिनं फिरवत फिरवत त्यांची एक केली. बटण दाबलं.

आई हलली नाही. दोरा नाकालाच ठेवून ती लेकीकडे बघत राहिली. भुवया वर.

“काय?” लेक म्हणाली. “झालं की.”

आई काही बोलेना.

तिनं कॅमेरा खाली घेतला. गुलाबी कडं कॅमेऱ्याला घट्ट टेकलेलं होतं. या खेपेला खरोखरची चूक होती, विसरल्यामुळे झालेली. असंच राहू द्या म्हणायला मागे कुणी नव्हतं. आईला ते केव्हाच दिसलं होतं आणि आई गप्प बसली होती.

तिनं आईच्या डोक्यामागच्या खळग्याकडे पाहिलं. मग कोचावर आत्या दचकून उठून बसावी एवढ्या मोठ्यानं, तोंड पुरतं उघडून, ती म्हणाली,

“बाबा, लेन्स आत आहे.”